अण्णांनी होडी घेतली ते वर्ष

आमच्या घरात मासे दोन जातींचे होते, आईचे आणि अण्णांचे. आईचं माहेर समुद्राकाठचं. तिच्या लेखी मासा म्हणजे बांगडा, सौंदाळा, मांदेली, आणि पाहुणे असले तर सुरमई. नदीतल्या माशाला चिखलाचा वास येतो हे तिचं ठाम मत होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, आत डोंगरातल्या गावचे. त्यांच्या घरामागून नदी जायची आणि लहानपणी शाळा चुकवून ते तिथे गळ टाकून बसायचे. डोंबिवलीच्या बाजारात कधी चुकून वाम किंवा मळ्या दिसला की ते तो कागदात गुंडाळून आणायचे, मोरीच्या कडेला ठेवायचे आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे. आई त्याला हळद-मीठ चोळायची, वर कोकमाचं आगळ ओतायची, लसूण गरजेपेक्षा जास्तच ठेचायची, आणि ताटात वाढताना म्हणायची, "घ्या तुमचा चिखल." अण्णा काटे चोखून चोखून खायचे. त्या दिवशी ते भात दोनदा मागायचे. आता माझी सून मासा साफ करून पाकिटात भरलेला आणते. त्याला खाडीचाही वास नसतो आणि नदीचाही. मी तक्रार करत नाही, पण जेवताना बोलण्यासारखं काही उरत नाही एवढं खरं.

आम्ही कोपरला एका चाळीत राहायचो. दोन खोल्या, बाहेर सामाईक गॅलरी, आणि मागच्या खिडकीतून खाडीकडची पाणथळ जमीन दिसायची. भरतीच्या वेळी तिथून एक खारट, कुजका वास आत यायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांत बसायचा. घरात आम्ही तिघंच. आवाज म्हणाल तर आईच्या स्टोव्हचा, शेजारच्या रेडिओचा आणि अण्णांच्या खोकल्याचा. खोकला सुरू झाला की आई हातातलं काम टाकून स्टोव्हची हवा सोडायची. घर एकदम शांत व्हायचं आणि मग ती ऐकत राहायची, आज किती खोलातून येतोय ते. मीही ऐकायचो. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता ऐकायचो.

अण्णा कोलशेतच्या एका केमिकल कारखान्यात पावडर खात्यात होते. तिथल्या कामाबद्दल ते घरी एक शब्द बोलत नसत. पावडर पिवळी होती एवढं मला माहीत, कारण आंघोळीनंतरही ती त्यांच्या टॉवेलला लागायची आणि त्यांच्या उशीच्या अभ्र्यावर डोक्याच्या आकाराचा पिवळा डाग होता, तो आईने कितीही घासला तरी गेला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हे खातं सोडा. खातं बदलून मिळेना. मग एकच वाट राहिली. कारखान्यात रीत अशी होती की तब्येतीच्या कारणाने कामगार मुदतीआधी निवृत्त झाला तर त्याच्या जागी त्याच्या मुलाला घ्यायचे. अण्णांचा मुलगा मी एकच.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि कल्याणला गोपाळ पेंटरच्या दुकानात काम शिकत होतो. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, टेम्पोच्या मागचे नंबर. गोपाळ पेंटर स्वतः फार बोलत नसे, पण अक्षर कसं उभं राहतं ते त्याने मला हात धरून शिकवलं. 'क'चा कान कुठे वळवायचा, 'श्री'ला किती जागा सोडायची, वेलांटी कुठे हलकी करायची. मला त्यात इतकं सुख होतं की दुपारचा डबा उघडायला मी विसरायचो. दोन वर्षांनी स्वतःचं दुकान टाकायचं असं मी मनात धरून होतो, आणि त्या दुकानाची पाटीसुद्धा मी वहीच्या शेवटच्या पानावर काढून ठेवली होती.

कारखान्याचं मला सांगितलं तेव्हा आम्ही जेवत होतो. अण्णा म्हणाले, "होळीनंतर अर्ज देतो. दोन-तीन महिन्यांत तुझं काम होईल." आई म्हणाली, "देव पावला." दोघांनी मला काही विचारलं नाही. त्यांच्या दृष्टीने विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच, कायमची नोकरी चालून आली होती. मी नाही म्हणालो नाही. समोर बसलेला माणूस घास गिळताना थांबून श्वास घेत होता. त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी खाली मान घालून आमटी-भात खाल्ला आणि तेव्हापासून घराच्या भिंती मला जवळ आल्यासारख्या वाटायला लागल्या.

त्याच जेवणात अण्णांनी होडीचं काढलं. आईने विचारलं होतं, "आणि तुम्ही दिवसभर घरात काय करणार?" अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "होडी घेणार आहे. लहानशीच. आंबिवलीच्या पुढे नदीला मासा चांगला आहे म्हणतात. होडी मिळाली की मगच अर्ज." आईला वाटलं थट्टा करतायत. पण पुढच्या रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि मला म्हणाले, "सुरेश, चल. तुला लाकडाबिकडाचं कळतं."

असे आम्ही थंडीचे सहा-सात रविवार हिंडलो. अण्णांना पहिल्यांदा कोणीतरी ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधलेला तराफा दाखवला. ते त्यावर बसूनही बघायला तयार झाले, पण परत आल्यावर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ट्यूबवर बसून मासे धरणार? पन्नाशी उलटली तुमची." मग तो बेत मागे पडला. मग पत्र्याच्या पिंपांचा एक तराफा बघितला, तो वल्हवायला दोन माणसं लागली असती. कोपरच्या खाडीत एक चांगली होडी होती, पण ती खाडीसाठी बांधलेली, जड, खोल तळाची. अण्णा तिच्या कडेवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी मालकाला म्हणाले, "ही माझं ऐकणार नाही." त्यांना एकट्याने काठावर ओढता येईल अशी, सपाट तळाची, उथळ पाण्यात चालणारी हवी होती. या रविवारांत अण्णा कधी नव्हे ते बोलायचे. गावच्या नदीचं, पावसाच्या तोंडावर चढणाऱ्या माशांचं, एकदा गळाला कासव लागलं त्याचं. मी त्यांच्या शेजारून चालायचो, हो हो करायचो, आणि मनात हिशोब एकच चालायचा की होडी मिळाली की अर्ज, आणि अर्ज गेला की मी. त्यांचा एकेक रविवार त्यांना मोकळं करत होता आणि मला आवळत होता. हे आज लिहितानाही सोपं जात नाही.

शेवटी होळी झाल्यावर होडी मिळाली ती आंबिवलीच्या पलीकडे नदीकाठच्या एका वाडीत. गोमीबाय नावाच्या बाईची होती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. होडी करंजाच्या झाडाखाली पालथी घातलेली, ताजा हिरवा ऑइलपेंट मारलेला. गोमीबाय पायरीवर बसून कोलीम, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी, निवडत होती. ती म्हणाली, "माज्या घोवाची होरी. तो गेला तवापासून पान्यान उतरवली नाय. रंग जावयानं मारला. मना त्यातला काय कलत नाय, तुमीच बगा." अण्णांनी होडीला एक फेरी घातली, दुसरी घातली. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, हात ठेवला. ती लांबीला, रुंदीला, उंचीला अगदी त्यांच्या मनातल्यासारखी होती. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसं काही आधी बघितलं नव्हतं.

"बघ जरा नीट," ते मला म्हणाले आणि गोमीबायशी बोलायला गेले.

मी वाकून बघितलं. मागच्या बाजूला, तळाच्या दुसऱ्या फळीवर, वीतभर जागेत रंगाची चमक वेगळी होती. जुन्या पाट्यांवर हे मी रोज बघायचो. लाकूड पोखरलं की भोकात पुट्टी भरायची, वरून रंग मारायचा, गिऱ्हाईकाला सहा महिने कळत नाही. मी नखाने दाबलं. रंगाखाली मऊ लागलं. नाक जवळ नेलं तर पुट्टीत असतो तो अळशीच्या तेलाचा वास. फळी आतून गेलेली होती. मी उभा राहिलो. अण्णांनी लांबून विचारलं, "काय रे? कशी आहे?"

मी म्हणालो, "चांगली आहे."

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. मला अण्णांना बुडवायचं नव्हतं. मला वाटलं, ते आज ना उद्या होडी पाण्यात घालून बघतील, पाणी आत येईल, मन खट्टू होईल, आणि अर्ज राहील. निदान या वर्षी राहील. एवढाच माझा विचार होता, आणि तो एकोणीस वर्षांच्या मुलाला शोभेल इतका आंधळा होता. अण्णांच्या छातीचं काय होईल हा प्रश्न मी त्यात येऊच दिला नाही. किंमत दोन मिनिटांत ठरली. गोमीबाय म्हणाली, होडी इथेच ठेवा, मी आहे बघायला. तिने आम्हाला कोऱ्या चहाचे कप दिले.

अण्णांनी होडी पाण्यात घातली नाही. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, त्यांनी अर्ज दिला. मग मी दर रविवारी म्हणायचो, "अण्णा, एकदा उतरवून तर बघू या." आणि दर रविवारी ते हसून म्हणायचे, "सुट्टीच्या दिवशी नाही उतरवायची. कायमची सुट्टी झाली की उतरवायची." ते तिच्यापाशी जायचे, वल्ह्याला तेल लावायचे, बसायची फळी घासायचे, आणि परत यायचे. तळाच्या त्या कुजक्या फळीवर रंगाचा दुसरा हातही त्यांनीच मारला, उरलेल्या हिरव्या रंगाचा. मी शेजारी डबा धरून उभा होतो. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हे सांगावं लागणार होतं, आणि जितके दिवस जात होते तितकं ते जास्त कठीण होत होतं. रात्रीचं जेवण मला जाईना. आई म्हणायची, "नव्या नोकरीची धास्ती घेतली पोराने."

मंजुरीचं पत्र आलं. अण्णांची शेवटची पाळी शनिवारी झाली. कारखान्याने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. रविवारी सकाळी अण्णांनी आईलाही बरोबर घेतलं. तिने पिशवीत नारळ, हळदकुंकू, आणि स्टीलच्या डब्यात शिरा घेतला होता. गोमीबाय आणि वाडीतले दोघे-तिघे होडी उचलून पाण्याशी घेऊन गेले. ती अर्धी पाण्यात, अर्धी चिखलात अशी ठेवली. आईने कुंकू लावलं, नारळ फोडला. अण्णा होडीत चढले, वल्हं हातात घेतलं आणि मागे वळून आईला म्हणाले, "अगं, ये. बस समोर. पलीकडे जाऊन येऊ."

आई लाजली. लोकांसमोर ती अशी लाजलेली मी कधी बघितली नव्हती. तिने पदर खोचला, निऱ्या वर धरल्या आणि एक पाय होडीत टाकला. तिला पोहता येत नव्हतं. समुद्राकाठी वाढलेली बाई, पण पाण्यात घोट्याच्या वर कधी गेली नव्हती.

"आई, बसू नकोस," मी म्हणालो. "होडी कुजलेली आहे."

सगळे थांबले. आई एक पाय आत, एक पाय बाहेर अशी तशीच. अण्णा म्हणाले, "काय म्हणतोस?"

मी चिखलात उतरलो आणि मागची जागा दाखवली. अण्णांनी खाली उतरून, गळासाठी आणलेला चाकू काढला आणि मी बोट ठेवलं तिथे टोचला. पुट्टीचं ढेकूळ निघून पडलं. मग त्यांनी चाकू जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. गोमीबाय कपाळावर हात मारून म्हणाली, "आईचान, मना ठाव नवता. पैसं परत घे, भाऊ." अण्णा म्हणाले, "राहू दे बाय. फळी बदलता येते." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"मग?"

तिथे, त्या सगळ्यांसमोर, गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून मी सांगितलं. "मला वाटलं पाणी शिरलं तर तुम्ही अर्ज देणार नाही. मला तिथे जायचं नाहीये, अण्णा."

अण्णांनी चाकू फळीतून उपसून काढला. आई बोलली. तिचा आवाज अगदी हळू होता. "आणि ह्यांची छाती?" एवढंच ती म्हणाली. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

शिऱ्याचा डबा न उघडता घरी आला. घरात शिरल्यावर अण्णांनी चप्पल काढता काढता मला विचारलं, "पाट्याच रंगवायच्या आहेत तुला?" मी हो म्हणालो. "मग तसं म्हणायचं होतं," ते म्हणाले. मी म्हणालो, "तुम्ही विचारलं नाहीत." त्यांनी चप्पल कोपऱ्यात सरकवली. मग खिडकीपाशी जाऊन खाडीकडे बघत म्हणाले, "मला काकांनी गावाहून आणलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटावर उभं केलं. विचारायचं असतं हे मलाच कुठे माहीत?"

सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. आईने विचारलं तर म्हणाले, वखारीत फळी बघायला जातो. संध्याकाळी रिकाम्या हाताने आले. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. आई वैतागली, "कल्याणात एक फळी मिळत नाही?" मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून ते घराबाहेर राहतायत, आणि मला ते रास्तच वाटलं. गुरुवारी ते गेले नाहीत. शुक्रवारी सागाची फळी आली. पुढचे आठ दिवस ते गोमीबायच्या दारात ती बसवत होते.

घरात दुसरा पगार नव्हता, म्हणून एक तारखेला मी गेटातून आत गेलो. अण्णांच्या जागी म्हणजे अगदी अण्णांच्याच जागी, पावडर खात्यात. तिथे उजेड कमी होता आणि हवेत ती पिवळी धूळ सतत तरंगत असायची. खिडक्या होत्या, पण त्या उघडायच्या नव्हत्या, वाऱ्याने माल उडायचा. बाराव्या-तेराव्या दिवशी आईने माझीही उशी बाहेर नेऊन घासली. कारखाना बंद पडेपर्यंत, सतरा वर्षं, मी त्या खात्यात काढली. आज तिथे चाळीस मजल्यांचे टॉवर आहेत आणि त्यांच्या खिडक्यांतून खाडी दिसते म्हणे. पाट्या मी रविवारी रंगवल्या, नंतर दुकानही टाकलं, पण तोवर पाट्या मशीनवर निघायला लागल्या होत्या. ते असो.

महिनाभराने मी हजेरीचं कार्ड आणायला टाइम ऑफिसात गेलो. तिथले कारकून साळवी अण्णांच्या ओळखीचे. कार्ड शोधता शोधता ते म्हणाले, "वडील कसे आहेत? तीन दिवस इथे बाकावर बसून होते बिचारे."

"कधी?"

"अरे, निवृत्त झाले त्याच्या पुढच्या सोमवारपासून. तुला माहीत नाही? अर्ज परत द्या म्हणत होते. मला पुन्हा कामावर घ्या, मुलाचं नाव काढा. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. साहेब म्हणाले, अहो, तुमच्या डॉक्टरांचा कागद आहे इथे. तर म्हणाले, डॉक्टरांची चूक झाली, मी ठणठणीत आहे. आणि हे बोलता बोलताच त्यांना अशी उबळ आली की साहेबांनी स्वतः उठून पाणी दिलं." साळवींनी कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "सही कर. इथे."

मी सही केली. सुंदर अक्षरात करायची सवय होती, ती त्या दिवशी जमली नाही.

पुढच्या रविवारी अण्णा मला पहिल्यांदा होडीतून घेऊन गेले. नवी फळी हिरव्यात पिवळसर उठून दिसत होती, तिला त्यांनी रंग दिला नव्हता. पाऊस अजून लागला नव्हता, नदी संथ होती. त्यांनी मधोमध होडी थांबवली आणि गळ टाकला. नदीवर आल्यापासून त्यांचा खोकला थोडा कमी झाला होता, फार नाही. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "साळवी भेटले होते."

"साळवी फार बोलतो," अण्णा म्हणाले. त्यांची नजर दोरीवर होती. "जमलं नाही ते."

मग त्यांनी दोरी एका हातात धरली, खिशातून मोठा रुमाल काढला आणि मांडीवर पसरून त्याची घडी घालून दाखवली. तीस वर्षांत ते घरी कामाबद्दल कधी बोलले नव्हते. "ते देतात ती पट्टी बांधू नकोस, तिचा उपयोग नाही," ते म्हणाले. "रुमाल घ्यायचा, दुपदरी करायचा, ओला करून पिळायचा. नाकावरून घट्ट. अर्धी पाळी झाली की दुसरा घ्यायचा, तोच पुन्हा नाही. आणि गोणी ओतताना श्वास धरायचा, मोजून दहापर्यंत. मी हे उशिरा शिकलो."

मी हो म्हणालो. सोमवारी पहाटे निघताना मी आईकडे दोन रुमाल मागितले.